एका गिरमिटियाचा माग: पोर्ट लुईसपासून मालवणपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

9 जुलै 2023, वाक्वा

काम सुरू करण्यापूर्वी हाती काय आहे ते कागदावर मांडले. सासऱ्यांचा जन्मदाखला, त्यांच्या वडिलांच्या नोंदणी विवाहाचा फ्रेंच भाषेतील कागद, आणि घरात पिढ्यानपिढ्या सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी एवढेच भांडवल आहे. मूळपुरुष रत्नागिरीकडून मॉरिशसला आला, तो उसाच्या मळ्यावर राबला आणि पुढे त्याने वाक्वाजवळ जमीन घेतली, असे घरचे सांगतात. नात्याने हा माझ्या पत्नीचा खापरपणजोबा. घरातील माणसांची नावे या नोंदींत येणार नाहीत; जिथे नावाशिवाय मुद्दा कळणार नाही तिथे मूळपुरुषाला 'राघोजी' म्हटले आहे, ते त्याचे खरे नाव नाही.

1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली, पण मळेवाल्यांनी त्याआधीच, 1834 पासून, करारावर हिंदुस्थानी मजूर, म्हणजे गिरमिटिये, आणायला सुरुवात केली होती. पुढल्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. त्यांत कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आलेल्यांचा भरणा मोठा, मुंबईहून आलेल्यांचा त्या मानाने लहान. एवढ्या गर्दीत 'रत्नागिरीचा राघोजी' शोधणे व्यर्थ आहे, कारण राघोजी बरेच आहेत आणि त्यांच्यापुढे आडनाव नाही. मात्र उतरलेल्या प्रत्येकाला सरकारने एक क्रमांक दिला होता आणि तो क्रमांक मरेपर्यंत त्याला चिकटलेला असे. म्हणून पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट एकच ठरवले आहे: क्रमांक मिळवणे. त्यासाठी जहाजांच्या बाजूने सुरुवात करायची नाही. सासऱ्यांपासून एकेक पिढी मागे जायचे आणि प्रत्येक पायरीचा कागद हाती आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही.

6 ऑगस्ट 2023

सासऱ्यांच्या वडिलांचा जन्म मिळाला, आजोबांचा मिळत नव्हता. अडचण आडनावाची होती. उतरताना राघोजी हे एकच नाव लिहिले गेले. त्याचा मुलगा नोंदीत आला तेव्हा बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले, आणि ते पुढच्या सर्व पिढ्यांना कायम राहिले. त्यामुळे आज जे घराण्याचे आडनाव आहे ते पहिल्या पिढीत आडनाव म्हणून अस्तित्वातच नव्हते. पहिल्या दोन पिढ्यांसाठी सूची पाहताना आडनावाचा रकाना सोडून द्यावा आणि मुलाच्या स्वतःच्या नावाखाली शोधावे. शिवाय लिहिणारा कारकून फ्रेंच वळणाचा असेल तर 'भ' चा 'ब' होतो, 'ख' चा 'क' होतो आणि शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळून पडतो. हे धरून चाललो तेव्हा 1872 सालचा जन्म सापडला. यात संपूर्ण महिना गेला.

सूचीत नाव सापडल्यावर संक्षिप्त दाखला मागू नये. त्यात मूल, आई आणि बाप यांची नावे येतात आणि आपल्याला हवे असलेले सर्व काही गळते. मूळ नोंदीची संपूर्ण प्रत मागावी. बापाचा क्रमांक, त्याचा धंदा, राहण्याची जागा आणि जन्म कळवायला आलेल्या साक्षीदारांची नावे केवळ तिथेच असतात. आम्हाला आधी संक्षिप्त दाखला दिला गेला आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागले.

27 ऑगस्ट 2023

संपूर्ण प्रत आली. बाप मजूर, 'जुना गिरमिटिया', म्हणजे करारावरची पहिली पाच वर्षे पुरी केलेला. पुढे क्रमांक आहे. आई 'वसाहतीत जन्मलेली', त्यामुळे तिला क्रमांक नाही. इथे जन्मलेल्या बायकांचा माग यामुळेच फार लवकर तुटतो. त्यांच्या आईबापांचा क्रमांक सापडला तरच पुढे जाता येते.

जुने फ्रेंच हस्ताक्षर वाचून देण्यासाठी एका निवृत्त शिक्षिकेची मदत घेतली आहे. तासाला 600 मॉरिशस रुपये ठरले. या प्रकल्पातील सर्वांत योग्य कारणी लागलेला खर्च हाच ठरेल असे दिसते. दाखल्यांचे शुल्क त्यापुढे किरकोळ आहे.

15 ऑक्टोबर 2023, मोका

गिरमिटियांची मूळ उतार-पुस्तके (बेटावर उतरलेल्यांच्या नोंदवह्या) आणि छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहेत. अर्जासोबत चारही पिढ्यांच्या प्रती जोडल्या होत्या, म्हणून फारसे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. क्रमांकावरून नोंद निघाली आणि ती बिहारमधील शहाबाद जिल्ह्याच्या एका स्त्रीची निघाली.

कारण दुपारपर्यंत कळले. फ्रेंच पद्धतीने लिहिलेल्या एकच्या अंकाला वर लांब तिरकी रेघ असते, आणि घाईने लिहिलेला एक हा सातासारखा दिसतो. आमच्या क्रमांकात असे संशयास्पद अंक तीन आहेत, म्हणजे आठ शक्यता. आठही नोंदी काढून मागता आल्या असत्या, परंतु त्यांपैकी एखाद्या नोंदीत योगायोगाने मराठी नाव आले असते तर तोच आपला माणूस असे मानण्याचा मोह आवरला नसता. त्यापेक्षा तोच क्रमांक दुसऱ्या कारकुनाच्या हातून लिहिलेला शोधणे अधिक खात्रीचे आहे. एकाच माणसाची दुसरी मुले, त्याचे लग्न, त्याचा मृत्यू, ज्यात त्याचा क्रमांक पुन्हा लिहावा लागला असेल असा कोणताही कागद चालेल.

3 डिसेंबर 2023

1872 च्या आधीची मुले शोधण्यासाठी त्याच जिल्ह्याच्या जन्मनोंदी मागे मागे चाळल्या आणि काहीच मिळाले नाही. मग मृत्युनोंदी काढल्या. 1867 च्या मृत्युपुस्तकात राघोजीची बायको आहे, आणि तिच्यानंतर काही आठवड्यांनी त्याची चार वर्षांची मुलगी. दोन्ही नोंदींत नवऱ्याचा, म्हणजेच बापाचा, क्रमांक आहे. लिहिणारा कारकून एकच आहे, पण त्याचे अंक इतके सुटसुटीत आहेत की संशयाला जागा उरत नाही. तीनपैकी दोन अंक 1 आहेत आणि तिसरा 7.

या बायकोबद्दल घरात कोणालाही ठाऊक नव्हते. 1867 हे मलेरियाच्या साथीचे वर्ष. त्या एका वर्षात या लहानशा बेटावर तापाने तीस हजारांहून अधिक माणसे गेली, आणि ज्यांना शक्य होते ती पोर्ट लुईस सोडून वर क्युरपीपकडच्या थंड पठारावर राहायला गेली. मळ्यावरच्या मजुराला ती सोय नव्हती. मृत्युपुस्तकाची त्या वर्षाची पाने इतर वर्षांच्या कितीतरी पट आहेत, आणि एकामागून एक तेच कारण लिहिलेले आहे. ज्यांना याच काळातील माणूस शोधायचा असेल त्यांनी 1866 ते 1868 ची मृत्युपुस्तके वगळू नयेत, मूळपुरुष त्यानंतर जिवंत होता हे माहीत असले तरीही. घरातील अर्धी माणसे तिथेच हरवलेली असतात.

सासऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मुलीचे नाव विचारले. ते नोंदीत आहे, आणि आता वंशावळीतही आहे.

21 जानेवारी 2024, मोका

योग्य क्रमांकावर योग्य माणूस मिळाला. 1858 साली मुंबईहून आलेल्या जहाजातून उतरला, वय 22, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर व्रण. बापाचे नाव आहे. जातीच्या रकान्यात 'मराठा' आहे, पण त्यावर काहीही उभारू नये, कारण त्याच पानावरील मुंबईहून आलेल्या जवळजवळ सर्वांपुढे तोच शब्द आहे आणि ही सारी माणसे एका जातीची असणे संभवत नाही. जिल्हा रत्नागिरी, तालुका मालवण, गाव पेंडूर. शेऱ्याच्या रकान्यात मृत्यूची तारीख 1894 सालची. मायदेशी परतल्याचा शेरा नाही; तो परतला असता तर स्वतःच्या पैशाने परतला असता, कारण परतीचा फुकट प्रवास त्याच्या येण्याआधीच बंद झाला होता.

नोंद उतरवून घेताना एक काम अवश्य करावे. आपल्या माणसाच्या आधीचे आणि नंतरचे प्रत्येकी वीस क्रमांक, त्यांची गावे आणि कोणत्या मळ्यावर गेले ते, असे सर्व लिहून घ्यावे. दप्तरखान्यातील कर्मचाऱ्यांनी याला हरकत घेतली नाही, मात्र हेतू आधी सांगितला होता. या यादीचा उपयोग मला जमिनीच्या कागदांसाठी करायचा होता. प्रत्यक्षात ती आणखी एका ठिकाणीही कामी आली, ते पुढे येईल.

11 फेब्रुवारी 2024

छायाचित्र मिळाले नाही. 1867 च्या कायद्याने जुन्या गिरमिटियांना स्वतःचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र जवळ बाळगणे सक्तीचे झाले. ते जवळ नसेल तर पोलीस भटक्या म्हणून धरत. त्यामुळे मोका येथील संग्रहात हजारो चेहरे आहेत, आणि आपल्या माणसाचा चेहरा मिळेल अशी आशा प्रत्येक कुटुंबाला असते. आमच्या क्रमांकासमोर काही नाही.

एका नातेवाइकाने सुचवले की त्याच जहाजातील, त्याच वयाच्या दुसऱ्या एका मालवणी माणसाचे छायाचित्र उपलब्ध आहे, तर दिवाणखान्यात तेच लावावे. कोणाला कळणार आहे? मी नकार दिला. त्या माणसालाही वंशज असतील, आणि दहा वर्षांनी तोच चेहरा आमच्या घरात पुरावा म्हणून सांगितला जाईल.

10 मार्च 2024

1858 ते 1863 या पाच वर्षांबद्दल राघोजीचा स्वतंत्र कागद एकही नाही. जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पुस्तकांत त्याचे नाव शोधण्यात बराच वेळ घालवला, कारण मजुरांवरच्या कामचुकारपणाच्या आणि पळून जाण्याच्या फिर्यादी तिथे येत. तो तिथे नाही. ज्याने मुकाट्याने काम केले त्याच्याबद्दल वसाहतीने काहीही लिहिलेले नाही. उतरला तेव्हा, दंड झाला तेव्हा, जमीन घेतली तेव्हा आणि मेला तेव्हाच माणूस कागदावर येतो. दंड झाला नाही याचे कुटुंबाला समाधान आहे, शोधणाऱ्याला ते तितकेसे नाही.

या रिकाम्या वर्षांत कल्पनेने रंग भरण्याऐवजी कराराच्या अटी तेवढ्या लिहून ठेवल्या आहेत. महिना पाच रुपयांच्या आसपास मजुरी आणि शिधा; गैरहजेरीच्या एका दिवसाला दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत. ही कापाकापी आणि ओळखपत्रांचा जाच यांविरुद्ध 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने जुन्या गिरमिटियांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यावर 9,401 जणांच्या निशाण्या होत्या. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल 1875 मध्ये आला. तो छापील आहे, मोठा आहे, आणि रोजच्या आयुष्याच्या तपशिलासाठी त्याच्याइतके उपयुक्त दुसरे काही मला मिळाले नाही. वंशावळीत मात्र त्यातले वर्णन 'सर्वसाधारण परिस्थिती' या शीर्षकाखालीच ठेवले आहे, राघोजीच्या नावाखाली नाही.

26 मे 2024

जमिनीचा कागद. घरच्यांना जागा ठाऊक होती, खरेदीचे वर्ष ठाऊक नव्हते. खरेदीदाराच्या नावाने नोटरींच्या सूच्या पाहणे हा मार्ग निरुपयोगी ठरला, कारण त्याचे नाव निरनिराळ्या नोटरींनी निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले असू शकते आणि सूची एका नोटरीची एक अशी असते. शेवटी उलट बाजूने गेलो. 1870 च्या दशकानंतर साखरेचा धंदा अडचणीत आला तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, कमी कसाच्या जमिनींचे तुकडे पाडून ते जुन्या गिरमिटियांना विकले. विकणारा एकच असे, नोटरीही बहुधा एकच, आणि शेजारशेजारच्या तुकड्यांची खरेदीखते एकापाठोपाठ होत. विकणाऱ्या मळ्याच्या नावाने शोध घेतल्यावर दोन दुपारींत काम झाले, आणि हे आधी सुचले असते तर वाया गेलेले आठवडे टळले असते.

खरेदीखत 1886 चे. दीड आर्पां जमीन. एक आर्पां म्हणजे एकराहून किंचित जास्त. किमतीचा तिसरा हिस्सा रोख, उरलेली रक्कम तीन वर्षांच्या हप्त्यांत. खरेदीदाराला 'सही करता येत नाही', म्हणून फुली. चतुःसीमा देताना दोन बाजूंच्या शेजाऱ्यांचे क्रमांक दिले आहेत. जानेवारीत उतरवलेल्या यादीशी ते ताडून पाहिले तर त्यांतला एक राघोजीच्याच जहाजातून, त्याच्यानंतर चौथ्या क्रमांकावर उतरलेला होता. अठ्ठावीस वर्षांनी हे दोघे जहाजभाई शेजारी शेजारी जमीन घेत होते. या शेजाऱ्याचे गाव यादीत वराड असे आहे.

11 ऑगस्ट 2024

पेंडूर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मालवण तालुक्यात पेंडूर आहे आणि वेंगुर्ले तालुक्यात मातोंडला लागून दुसरे पेंडूर आहे. 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हा सारा भाग रत्नागिरीतच होता. तालुक्याच्या रकान्यात 'मालवण' आहे हे खरे, परंतु त्याच पानावर मालवणच्या नावाखाली काही अशी गावे दिसतात जी त्या तालुक्यात नाहीत. मुंबईत भरती करताना बंदराचे नाव तालुका म्हणून सांगितले गेले असावे असा माझा अंदाज आहे.

इथे वीस-वीस क्रमांकांची यादी कामी आली. भरती करणारे सरदार एका टापूतून माणसे गोळा करीत, त्यामुळे मुंबईत एकत्र आलेली माणसे जहाजावर आणि उतार-पुस्तकातही जवळजवळ राहतात. राघोजीच्या आगेमागे वराड, काळसे आणि धामापूर येथील माणसे आहेत. ही तिन्ही गावे मालवण तालुक्यातील पेंडूरच्या आसपासची. मातोंड, होडावडे किंवा तळवडे यांपैकी एकही गाव यादीत नाही. हा निर्णायक पुरावा नव्हे, पण एका रकान्यातील तालुक्याच्या नावापेक्षा तो मला अधिक भरवशाचा वाटतो.

22 डिसेंबर 2024, मुंबई आणि पेंडूर

मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात सामान्य विभागाचे परदेशी मजुरीविषयीचे पत्रव्यवहार पाहिले. जहाजे, संख्या, डॉक्टरांचे अहवाल, भरतीविषयीच्या तक्रारी असे बरेच आहे. माणसांची नावे मला कुठेही मिळाली नाहीत. ज्यांना धोरण समजून घ्यायचे आहे त्यांनी तिथे अवश्य जावे. एका मजुराच्या शोधासाठी तिथे मुद्दाम प्रवास करण्यात अर्थ नाही. हे आधी कळले असते तर मी थेट कोकणात उतरलो असतो.

पेंडूरमध्ये अपेक्षेप्रमाणे कागद निघाला नाही. दक्षिण कोकणात खोती होती. सरकारी सारा भरण्याची जबाबदारी खोताची, त्यामुळे कुळाचे नाव सरकारी दप्तरात येण्याची गरजच पडत नसे. खोती गावांतील कुळांच्या हक्कांची पद्धतशीर नोंद 1880 च्या खोती कायद्यानंतरची, आणि राघोजी त्याआधी बावीस वर्षे गाव सोडून गेला होता. त्याच्या बापाचे नाव आमच्याकडे आहे, आडनाव नाही. मंदिरापाशी जमलेल्या गावकऱ्यांनी आणि मानकऱ्यांनी फार आपुलकीने चौकशी केली, वाडीवाडीत विचारून पाहिले, आणि तीन निरनिराळ्या घराण्यांनी 'आमचाच कोणीतरी समुद्रापार गेला होता' असे सांगितले. त्यांपैकी एका घराने आम्हाला जेवायला ठेवून घेतले आणि नाते पक्के झाल्यासारखे वागवले. त्यांचा पाहुणचार मनापासून घेतला. वंशावळीत त्यांचे नाव घातलेले नाही. 1858 च्या आधी मुंबईला गिरणीत गेलेला, पलटणीत गेलेला आणि बोटीवर गेलेला असे सगळेच आज घरच्या आठवणीत समुद्रापार गेलेले असू शकतात. तसे पाहिले तर मुंबईची पहिली कापडगिरणीच 1850 च्या दशकातली, तेव्हा गिरणीची शक्यता सर्वांत कमी, इतकेच.

2 फेब्रुवारी 2025, वाक्वा

वंशावळीचा तक्ता तयार केला. सासऱ्यांपासून 1858 च्या उतार-नोंदीपर्यंत अखंड रेघ आहे आणि प्रत्येक जोडाखाली कागदाचा प्रकार व वर्ष लिहिले आहे. उतार-नोंदीपासून मालवणच्या पेंडूरपर्यंत तुटक रेघ आहे. सासऱ्यांना ती तुटक रेघ पटलेली नाही. त्यांच्या मते आता गाव पाहून आलो, तेव्हा ती अखंड करायला हवी. माझे म्हणणे असे की गाव बहुधा बरोबर आहे, घर मात्र ठाऊक नाही, आणि तक्ता पाहणाऱ्या पुढच्या माणसाला हा फरक दिसला पाहिजे. तूर्त तक्ता तसाच ठेवला आहे.

उरलेले काम दोन ठिकाणी आहे. दुसऱ्या बायकोच्या, म्हणजे आमच्या खऱ्या खापरपणजीच्या, आईबापांचे क्रमांक तिच्या मृत्युनोंदीत असण्याची शक्यता आहे. ती नोंद मागवली आहे. आणि वराडच्या त्या शेजाऱ्याचे वंशज याच परिसरात राहतात असे कळले. त्यांच्याकडे खरेदीखताची दुसरी प्रत असेल तर हप्ते खरोखर फेडले गेले की जमीन मधल्या काळात गहाण पडली, याचा उलगडा होईल, कारण आमच्या प्रतीवर शेवटच्या हप्त्याची पावती नाही.